यादीत नाव लागण्याआधी आणि लागल्यानंतर : हृदयविकाराविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात हृदयाच्या दुबळेपणाविषयी लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांत ‘हार्ट फेल’ हा शब्द भीतीने लिहिलेला दिसतो. ते स्वाभाविकच आहे. आपल्याकडे ‘तो हार्ट फेल होऊन गेला’ असे म्हणतात तेव्हा माणूस मरण पावलेला असतो. त्यामुळे केसपेपरवर ‘हार्ट फेल्युअर’ असे वाचले की घरातल्यांचे धाबे दणाणते. वैद्यकात मात्र या शब्दाचा अर्थ एवढाच की हृदय चालू आहे, परंतु शरीराला लागेल तेवढे रक्त पुढे ढकलण्यात ते कमी पडत आहे. या स्थितीत वर्षानुवर्षे नोकरी करणारी, भाजी आणायला रोज बाजारात जाणारी माणसे मी पाहतो. आलेल्या पत्रांपैकी गंभीर आजार आणि प्रत्यारोपण यांविषयीची काही पत्रे या वेळी निवडली असून, ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न : माझे पती ५२ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि अँजिओप्लास्टी झाली. आता ईएफ २५ टक्के आहे. या वर्षात दोनदा भरती करावे लागले. ‘आता हृदय बदलण्याचाच विचार करा,’ असे आम्हाला सांगण्यात आले आहे. बाकीचे सगळे उपाय संपले, असे समजायचे का? सोबत औषधांच्या चिठ्ठ्यांच्या प्रती जोडल्या आहेत. — एक वाचक, नंदनवन, नागपूर

उत्तर : ताई, आधी त्या २५ टक्क्यांविषयी. ईएफ २५ म्हणजे हृदय चार आणेच उरले, असा त्याचा अर्थ नाही. डाव्या कप्प्यात जमलेल्या रक्तापैकी प्रत्येक ठोक्याला किती हिस्सा बाहेर पडतो, त्याचे हे प्रमाण असते आणि धडधाकट माणसातही ते शंभर नसून साधारण ५५ ते ७० असते. पंचवीस हा आकडा कमी आहे, यात शंका नाही. परंतु केवळ त्या आकड्यावरून कोणाचेही हृदय बदलत नाहीत. ईएफ २० असताना दोन जिने चढणारे रुग्ण असतात आणि ३५ असताना आंघोळ करताना दम लागणारेही असतात.

आपण पाठवलेल्या चिठ्ठ्या मी दोनदा वाचल्या. या आजारात आयुष्य वाढवणारी म्हणून सिद्ध झालेली औषधे चार गटांतील आहेत : सॅक्युबिट्रिल आणि व्हल्सार्टन यांची जोडगोळी, मेटोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल किंवा बिसोप्रोलॉल यांपैकी एक बीटा ब्लॉकर (ठोक्यांचा वेग कमी करून हृदयावरचा ताण हलका करणारे औषध), स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि मूळची मधुमेहाची परंतु मधुमेह नसलेल्यांच्याही हृदयाला उपयोगी ठरलेली डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. आपल्या पतींच्या चिठ्ठीत यांतील दोनच गट आहेत आणि त्या दोन गोळ्यांचेही डोस आठ महिन्यांपूर्वी सुरू केले तेवढेच आजही आहेत. ही औषधे थोड्या मात्रेने सुरू करून, रक्तदाब, रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारे माप) आणि पोटॅशियम पाहत दर काही आठवड्यांनी वाढवायची असतात. रुग्णाला सोसेल तिथपर्यंत ती वाढवली आणि निदान तीन महिने तशी घेतली की मगच पुन्हा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून निर्णय करायचा. त्यात कित्येकांचा ईएफ दहा-पंधरा अंकांनी वर येतो आणि प्रत्यारोपणाचा विषय मागे पडतो. आपल्या पतींना राहिलेले दोन गट का दिले नाहीत, यामागे रक्तदाब फार कमी असणे किंवा मूत्रपिंडाचा त्रास असे सबळ कारण असू शकते. तेव्हा हा प्रश्न आपल्या डॉक्टरांना सरळ विचारावा. त्यात अवमान करण्यासारखे काही नाही.

माझ्या ओपीडीत मी रुग्णांना औषधांची चिठ्ठी नव्हे, पिशवी आणायला सांगतो. मागच्या महिन्यात सावनेरकडच्या एका गृहस्थांनी टेबलावर पिशवी उलटी केली, तेव्हा तीत नव्या सॅक्युबिट्रिलच्या पाकिटाशेजारी जुन्या एनालाप्रिलची अर्धी संपलेली पट्टी निघाली. दोन्ही गोळ्या चालू होत्या, कारण ‘जुनी बंद करा’ असे कोणी सांगितलेच नव्हते. या दोन औषधांत किमान ३६ तासांचे अंतर ठेवावे लागते. नाहीतर चेहरा आणि घसा सुजून श्वास कोंडू शकतो. त्याच पिशवीत गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्याही होत्या. अशा वेदनाशामक गोळ्या शरीरात मीठ-पाणी अडवतात, आणि ‘औषधे घेऊनही दम लागून राहिला’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा तिथेच सापडते.

औषधांनंतरही ईएफ ३५ किंवा त्याखाली राहिला, तर अचानक येणाऱ्या घातक अनियमित ठोक्यांपासून वाचवणारे आयसीडी हे यंत्र बसवण्याचा विचार होतो. ईसीजीमध्ये डाव्या बाजूचा ब्लॉक, म्हणजे रक्तवाहिनीतला नव्हे तर विजेचा संदेश पोचण्यातला अडथळा, असेल आणि त्यामुळे हृदयाच्या दोन भिंती एकमेकींशी ताल चुकवून आकुंचन पावत असतील, तर तीन तारांचा विशेष पेसमेकर, म्हणजे सीआरटी, तो ताल जुळवतो. योग्य रुग्णात त्याचा परिणाम थक्क करणारा असतो. याखेरीज मायट्रल झडप गळत आहे का, उरलेल्या रक्तवाहिन्यांत बायपास करण्याजोगे अडथळे आहेत का, शरीरात लोह कमी आहे का, थायरॉइड बिघडले आहे का आणि दारू चालू आहे का, हे सर्व तपासल्याशिवाय ‘उपाय संपले’ असे म्हणता येत नाही.

आता याची दुसरी बाजू. प्रत्यारोपणाचा सल्ला आपल्याकडे बहुधा दोन चुकीच्या वेळी मिळतो : एकतर औषधे पुरती सुरू होण्याआधी, नाहीतर फार उशिरा. पुन्हा पुन्हा भरती व्हावे लागणे, रक्तदाब इतका खाली जाणे की चालू औषधेच कमी करावी लागतात, लघवी होण्याच्या गोळीचा डोस वाढतच जाणे, क्रिएटिनिन चढणे, सोडियम उतरणे आणि शिरेतून औषध दिल्याशिवाय रुग्णालयातून घरी जाता न येणे, ही उशीर होत असल्याची चिन्हे आहेत. उशिराचा सर्वांत मोठा तोटा फुप्फुसांत होतो. डाव्या हृदयात तुंबलेल्या रक्ताचा दाब वर्षानुवर्षे फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांवर राहिला की त्या कायमच्या आखडतात, आणि मग बाहेरून आणलेले निरोगी हृदयही त्या विरोधापुढे पहिल्याच रात्री थकून जाऊ शकते. म्हणून आपल्या पतींना दोनदा भरती व्हावे लागले आहे हे लक्षात घेता, औषधे नीट लावणे आणि प्रत्यारोपण केंद्रात एकदा दाखवणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करावीत, असे मी सुचवीन. केंद्रात दाखवले म्हणजे लगेच हृदयाची वाट पाहणाऱ्यांच्या यादीत नाव लागले, असे होत नाही. तिथे सायकल चालवताना किंवा पट्ट्यावर चालताना शरीर किती प्राणवायू वापरते ते मोजतात. दर किलो वजनामागे मिनिटाला १४ मिलिलिटरपेक्षा कमी, आणि बीटा ब्लॉकर चालू असल्यास १२ पेक्षा कमी, असे माप आले तर प्रत्यारोपणाचा फायदा जोखमीपेक्षा जास्त मानला जातो. मानेतील शिरेतून नळी घालून फुप्फुसातील दाब मोजतात, क्षयरोग, कावीळ, कर्करोग आणि दातांतील पू यांचा शोध घेतात. तंबाखूबद्दल केंद्रे अतिशय कडक असतात, आणि खर्रा हाही तंबाखूच आहे. ‘सिगारेट कधीच ओढली नाही’ असे सांगणाऱ्या कित्येकांच्या खिशात खर्ऱ्याची पुडी असते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

प्रश्न : माझे वय ६१ वर्षे असून मी शेतकरी आहे. मुलगा २९ वर्षांचा आहे, त्याचे हृदय विषाणूच्या संसर्गानंतर मोठे झाले आहे. माझी तब्येत ठणठणीत आहे. मूत्रपिंड देतात तसे माझे हृदय त्याला देता येईल का? मी हे पूर्ण विचारांती विचारत आहे. — काटोल तालुका

उत्तर : दादा, आपण विचारांती विचारले आहे, म्हणून उत्तरही स्पष्ट देतो : नाही. मूत्रपिंडे दोन असतात, यकृताचा तुकडा पुन्हा वाढतो. हृदय एकच असते आणि जिवंत माणसाकडून ते घेण्यास कायदा कोणत्याही परिस्थितीत परवानगी देत नाही. हृदय मिळते ते केवळ मेंदू मृत झालेल्या व्यक्तीकडून, तिच्या कुटुंबाने संमती दिल्यानंतर. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून मेंदूमृत्यू प्रमाणित करते, आणि प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतील कोणीही त्या मंडळात असत नाही.

आपल्या मुलाच्या बाबतीत एक आशेची गोष्ट सांगण्याजोगी आहे. विषाणूच्या संसर्गाने हृदयाच्या स्नायूला आलेली सूज आणि बाळंतपणाच्या आसपास येणारा हृदयाचा दुबळेपणा, या दोन आजारांत तरुण हृदय काही महिन्यांत स्वतःहून सावरण्याचे प्रमाण चांगले आहे. आजार किती महिन्यांचा आहे, हे आपण लिहिलेले नाही. तो सहा महिन्यांच्या आतला असेल, तर मुलाला औषधांवर सांभाळणे आणि या काळात त्याला जड काम करू न देणे, ही आपण त्याच्यासाठी करू शकाल अशी मोठी गोष्ट आहे. संत्र्याच्या पेट्या त्याला उचलू देऊ नका.

प्रश्न : नागपुरात मेंदूमृत झालेल्या रुग्णाचे हृदय विमानाने मुंबई-चेन्नईला पाठवल्याच्या बातम्या येतात. विदर्भातले रुग्ण यादीत असताना आपले हृदय बाहेर का जाते? यादीत क्रमांक पुढे सरकवण्यासाठी ओळख किंवा पैसा चालतो, हे खरे आहे का? — एक निवृत्त शिक्षक, वर्धा

उत्तर : सर, आपल्या पत्रातील सूर रागाचा आहे आणि तो समजण्यासारखा आहे. परंतु यादी रेल्वेच्या आरक्षणासारखी एका ओळीत सरकत नाही, हे आधी ध्यानात घ्यावे लागेल. नाव रुग्ण स्वतः नोंदवत नाही. प्रत्यारोपणाची परवानगी असलेले रुग्णालय ते नोंदवते. विदर्भासाठी नागपूरचे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र आहे, तसेच मुंबई, पुणे आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहे. त्यांच्यावर राज्य व प्रादेशिक पातळीवरची संस्था मुंबईत आणि राष्ट्रीय संस्था दिल्लीत आहे. दाता मिळाला की आधी विभागातील, मग राज्यातील, मग देशातील रुग्ण पाहिले जातात.

प्रत्येक टप्प्यावर चाळणी लागते. पहिली चाळणी रक्तगटाची : ओ गटाच्या रुग्णाला ओ गटाचेच हृदय चालते, म्हणून त्याची प्रतीक्षा सर्वांत लांबते, आणि एबी गटाच्या रुग्णाला कोणत्याही गटाचे चालू शकते. दुसरी चाळणी आकाराची : पंचेचाळीस किलोच्या दात्याचे हृदय पंच्याऐंशी किलोच्या रुग्णाला पुरत नाही. तिसरी चाळणी रुग्णाच्या रक्तातील, परक्या अवयवावर हल्ला करू शकणाऱ्या प्रतिपिंडांची असते. अनेक बाटल्या रक्त चढवलेल्यांत आणि काही बाळंतपणे झालेल्या स्त्रियांत ती विशेष महत्त्वाची ठरते. चौथी निकडीची. यंत्राच्या किंवा शिरेतून चालणाऱ्या औषधांच्या आधारावर अतिदक्षता विभागात असलेला रुग्ण घरी बसून वाट पाहणाऱ्याच्या पुढे जातो, मग घरचा रुग्ण यादीत त्याच्याआधी आलेला का असेना. या सगळ्यांतून त्या दिवशी नागपूर विभागात कोणीच जुळला नाही, तर हृदय बाहेर जाते. ते बर्फात ठेवून बाहेर साधारण चार तासच टिकते. त्या वेळात ते दुसऱ्या छातीत धडधडायला हवे. म्हणूनच धंतोली-रामदासपेठेकडून सोनेगावच्या विमानतळापर्यंतचे सिग्नल पोलीस थांबवून धरतात. न जुळणारे हृदय केवळ ‘आपले’ म्हणून इथे ठेवून घेतले, तर ते कोणाच्याच कामी येणार नाही. नागपुरातही हृदयप्रत्यारोपण झालेले आहे, आणि विदर्भातील रुग्ण इतर शहरांतल्या यादीतही नाव लावू शकतात. २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्या राज्याचा रहिवासी असण्याची अट, नोंदणीसाठीची ६५ वर्षांची वयोमर्यादा आणि नोंदणी शुल्क या तिन्ही गोष्टी काढून टाकण्याचे धोरण जाहीर केले आहे. मात्र नाव लावायचे तर बोलावणे येताच त्या शहरात दोन-तीन तासांत पोचता आले पाहिजे. त्यामुळे प्रत्यक्षात कित्येक कुटुंबे तिथे खोली भाड्याने घेऊन राहतात, आणि तो खर्च कोणत्याही कागदावर दिसत नाही.

पैशाबद्दल : अवयवाची खरेदी-विक्री हा पाच ते दहा वर्षे कैदेचा आणि किमान वीस लाख रुपये दंडाचा गुन्हा आहे. ‘एवढे द्या, नाव वर आणतो’ असे म्हणणारा माणूस ठकच समजावा आणि विभागीय केंद्राला कळवावे.

बोलावणे आले म्हणजे शस्त्रक्रिया झालीच, असेही नसते. माझ्या एका रुग्णाला रात्री अडीच वाजता फोन आला. महिनाभर दाराजवळ भरून ठेवलेली पिशवी घेऊन तो कुटुंबासह निघाला. रक्त घेतले, छाती स्वच्छ केली, आणि पहाटे तिकडून निरोप आला की दात्याची छाती उघडल्यावर हृदयाची हालचाल समाधानकारक दिसली नाही. सकाळी सात वाजता मी त्याला हे सांगायला गेलो, तेव्हा त्याने एवढेच विचारले, ‘मग आता च्या घेऊ का?’ रात्रीपासून त्याला उपाशी ठेवले होते. पाच महिन्यांनी दुसऱ्या फोनवर त्याची शस्त्रक्रिया झाली. यादीतील प्रत्येक कुटुंबाने अशा एखाद्या परतीची तयारी ठेवावी.

प्रश्न : बॅटरीवर चालणारे कृत्रिम हृदय मिळते, असे वाचले. मग दात्याची वाट कशाला पाहायची? — धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपण वाचले ते यंत्र हृदयाच्या जागी बसत नाही, हृदयाला जोडले जाते. डाव्या कप्प्याच्या टोकाशी बसवलेला हा पंप तिथले रक्त उचलून महारोहिणीत सोडतो आणि त्याची तार पोटाच्या कातडीतून बाहेर येऊन कमरेच्या पट्ट्यावरील बॅटऱ्यांना जोडलेली असते. रक्त सतत वाहत असल्याने अशा माणसाची नाडी बहुधा हाताला लागत नाही, आणि नवख्या डॉक्टराची त्यामुळे घाबरगुंडी उडते. आजच्या पिढीच्या पंपावर, त्याच्या प्रमुख चाचणीत, शंभरांपैकी सुमारे ५८ रुग्ण पाच वर्षांनी जिवंत होते. औषधांनी भागत नसलेल्या रुग्णांच्या मानाने हा निकाल फार चांगला आहे. परंतु आयुष्यभर रक्त पातळ ठेवण्याची गोळी, तार बाहेर येते तिथे जंतुसंसर्ग, रक्तस्राव आणि पक्षाघात यांची टांगती तलवार राहतेच. पोहणे बंद, आंघोळ जपून. किंमत बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरची आहे आणि मे महिन्यात ज्या वस्तीत वीज दिवसातून चारदा जाते, तिथे बॅटऱ्या चार्ज करण्याची सोय हीसुद्धा उपचाराचाच भाग ठरते. दाता मिळेपर्यंतचा पूल म्हणून, किंवा प्रत्यारोपण शक्यच नसलेल्यांसाठी कायमचा उपाय म्हणून, निवडक रुग्णांना हा पंप लावतात. हृदय आणि फुप्फुसे यांचे काम शरीराबाहेरून करणारे एक्मो हे वेगळे यंत्र. ते अतिदक्षता विभागातले असून काही दिवसांसाठीच असते.

प्रश्न : माझ्या आईचे नाव यादीत आहे. दिवसाला दीड लिटरच पाणी द्या, असे डिस्चार्जच्या वेळी डिसेंबरात सांगितले होते. आता नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) तोंडावर आहे आणि तिचा जीव पाण्यासाठी तळमळतो. काय करावे? — मानेवाडा, नागपूर

उत्तर : मला आलेल्या पत्रांत हा सर्वांत उपयुक्त प्रश्न आहे, कारण पाण्याची मर्यादा लिहून देताना आम्ही डॉक्टर मंडळी ऋतू लिहायला विसरतो. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की घामावाटे जाणारे पाणी आणि मीठ डिसेंबरातल्यापेक्षा कितीतरी अधिक असते. त्यात लघवीची गोळी आणि डापाग्लिफ्लोझिन दोन्ही चालू असल्या तर रक्तदाब घसरून, उठताना चक्कर येऊन आणि मूत्रपिंडे बिघडून रुग्ण भरती होतो. म्हणजे हिवाळ्यात जास्त पाणी पोटात गेल्याने जी आई भरती होते, तीच उन्हाळ्यात कमी पाण्यामुळे भरती होऊ शकते.

यावर घरच्या घरी करण्याजोगा पक्का उपाय म्हणजे वजनकाटा. रोज सकाळी, लघवी झाल्यावर आणि चहा घेण्याआधी, त्याच प्रकारच्या कपड्यांत वजन करून कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहावे. तीन दिवसांत दोन किलोंनी वाढले तर पाणी साठत आहे. तितकेच कमी झाले, तोंड कोरडे पडले आणि उभे राहताना अंधारी आली तर पाणी कमी पडत आहे. दोन्ही वेळी डॉक्टरांना फोन करून पाण्याची मर्यादा आणि लघवीच्या गोळीचा डोस दोन्ही बदलून घ्यावेत. गोळी मनाने बंद करू नये. जुलाब-उलट्या झाल्या किंवा कडक उपास केला, तर काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. त्या कोणत्या, हे उन्हाळा लागण्याआधीच लिहून घ्यावे. तहानेसाठी बर्फाचा खडा चघळणे, थंड पाण्याने चूळ भरणे, लिंबाची फोड चोखणे यांनी बराच आराम पडतो. कूलर दिवसभर चालू ठेवावा, आणि दुपारी अकरा ते पाच तिला बाहेर नेऊ नये.

पन्हे द्यावे, परंतु त्यात मीठ घालू नये. सैंधव किंवा काळे मीठ ‘चालते’ हा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते. याउलट ‘लो सोडियम’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असते आणि स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्याच्या रक्तात ते धोकादायक पातळीवर साठू शकते. नारळपाण्याचेही तेच. पापड, लोणचे, फरसाण आणि पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या यांतला सोडियम लोकांच्या हिशेबातच येत नाही. गोळाभात करायचा तर गोळे तिच्यासाठी अळणी वेगळे काढावेत, वरून सांबार (कोथिंबीर) घालावा आणि लिंबू पिळावे. सावजी रस्सा मात्र अळणी करून कोणी खाऊ शकेल, असे मला वाटत नाही. तो सोडावा.

प्रश्न : प्रत्यारोपणानंतर माणूस किती जगतो? पुन्हा कामावर जाता येते का? आणि खर्चाचे काय? — अमरावती व गोंदिया येथील दोन पत्रांतून

उत्तर : जागतिक नोंदींनुसार पहिले वर्ष शंभरांपैकी साधारण ८५ ते ९० रुग्ण पार करतात आणि निम्मे रुग्ण बारा वर्षांच्या आसपास किंवा त्याहून अधिक जगतात. केपटाउनमध्ये डिसेंबर १९६७ मध्ये झालेल्या जगातील पहिल्या हृदयप्रत्यारोपणानंतर रुग्ण अठरा दिवस जगला होता आणि १९६८ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी केलेल्या प्रयत्नातील रुग्ण काही तासच जगला, हे आठवले की आजच्या आकड्यांचे मोल कळते. भारतातले पहिले यशस्वी प्रत्यारोपण ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी केले.

कामावर जाता येते. बैठे काम असल्यास बहुधा सहा महिने ते वर्षभरात. नव्या हृदयाच्या नसा तुटलेल्या असल्याने ते बसल्या जागीही मिनिटाला ९० ते ११० ठोके देते, आणि जिना चढताना वेग घ्यायला थोडा वेळ लावते, म्हणून सावकाश सुरुवात करावी लागते. त्याच कारणाने पुढे त्याच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी छातीत दुखत नाही. ठरावीक काळाने अँजिओग्राफी करण्याचा आग्रह त्यासाठी असतो. पहिल्या महिन्यांत मानेच्या शिरेतून हृदयाचा कणभर तुकडा काढून, शरीर नव्या हृदयाला नाकारत नाही ना, ते वारंवार तपासतात.

शरीराने नवे हृदय नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमसची गोळी बारा-बारा तासांनी, जन्मभर, घड्याळ लावून घ्यावी लागते. उघड्यावरची कापलेली फळे, न उकळलेले पाणी, कच्ची मोडाची कडधान्ये आणि कबुतरांची विष्ठा यांपासून दूर राहावे लागते. पपनस आणि ग्रेपफ्रूट खाल्ल्यास रक्तातील टॅक्रोलिमस वाढते, म्हणून ती फळे पूर्ण वर्ज्य. नागपुरी संत्र्यांविषयी दोघांनीही काळजीने विचारले आहे : आपली संत्री त्या जातीतली नाहीत, घरी धुऊन आणि सोलून खाण्यास हरकत नाही, फक्त रक्तातले पोटॅशियम वाढलेले असेल तेव्हा थांबावे.

खर्च शस्त्रक्रियेपाशी थांबत नाही, गोळ्या आणि तपासण्यांच्या रूपाने तो दर महिन्याला चालूच राहतो. तेव्हा संमतीपत्रावर सही करण्याआधी रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांकडून दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून घ्यावेत. मुख्यमंत्री आणि पंतप्रधान सहायता निधीकडे अर्ज करता येतो. राज्यातील धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवला, तर ऐन वेळी तहसील कार्यालयात धावपळ होत नाही.

प्रश्न : माझे वय ७१. मूत्रपिंडे आणि फुप्फुसे कमकुवत असल्याने प्रत्यारोपण होणार नाही, असे मला दोन ठिकाणी सांगितले. मुलगा तिसरीकडे नेऊ म्हणतो, मला आता फिरायचे नाही. वैशाखात नातीचे लग्न अमरावतीला आहे, तेवढे पाहायची इच्छा आहे. — एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : काका, दोन केंद्रांनी कारणासह नकार दिला असेल तर तिसरीकडे जाण्याने उत्तर बदलण्याची शक्यता कमी आहे, आणि प्रवासाने थकवा निश्चित वाढेल. माझे मत आपल्या बाजूने आहे. हे पत्र मुलाला वाचायला द्यावे. प्रत्यारोपण नाही म्हणजे उपचार नाही, असे मात्र मुळीच नाही. हृदयाची औषधे सोसतील तेवढी चालूच राहतील; त्यांच्या जोडीला दम, मळमळ, झोप न लागणे आणि पायांची सूज यांवर लक्ष देणारी उपशामक सेवा घ्यावी. असह्य दम लागतो तेव्हा मॉर्फिन अगदी थोड्या मात्रेत, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, मोठा आराम देते. त्याच्या नावाला भिऊ नये. आपल्याला आयसीडी बसवले असल्यास अखेरच्या काळात त्याचे झटके बंद करून ठेवता येतात, आणि तसे करावे की नाही, हे आपण शुद्धीवर असताना आपणच ठरवलेले बरे. पुन्हा भरती व्हायचे की घरीच राहायचे, कृत्रिम श्वासाचे यंत्र हवे की नको, हेही मुलाशी एकदा बसून बोलावे. ते बोलणे मुलाला आपल्यापेक्षा अधिक जड जाईल.

लग्नाला जावे. आठवडाभर आधी डॉक्टरांना दाखवून सूज उतरवून घ्यावी आणि वाढीव गोळी कधी घ्यायची, ते कागदावर लिहून घ्यावे. मुहूर्त दुपारचा असेल तर आदल्या दिवशी भल्या पहाटे, ऊन चढण्याआधी, निघावे. गाडीत मागे पाय वर घेऊन बसता येईल अशी सोय करावी. औषधांची यादी आणि शेवटचा इको यांची एक प्रत आपल्या खिशात आणि एक मुलाजवळ असावी. लघवीची गोळी प्रवासाच्या सकाळी न घेता पोचल्यावर घेतली तरी चालेल का, हे डॉक्टरांना विचारावे. बहुतेक वेळा चालते, आणि वाटेत प्रत्येक ढाब्यावर गाडी थांबवावी लागत नाही. मांडवात कूलरच्या समोर, पण भोंग्यापासून दूर, खुर्ची मागून घ्यावी. पंगतीत वाढायला येणाऱ्याला पापड-लोणच्यासाठी हात आडवा करावा, आणि जिलेबी एक घ्यावी.